चार नंबर वॉर्मरचा चहा

पावणेतीनला चार नंबरच्या वॉर्मरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याचा, अलार्म वाजला. तिसाव्या आठवड्यात झालेलं बाळ, वजन 1200 ग्रॅम, जन्माला दुसरीच रात्र. अलार्म झाला की मॉनिटरकडे नाही, आधी छातीकडे बघायचं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं. निम्म्या वेळा नुसता पायाचा प्रोब, म्हणजे मॉनिटरला जोडलेला सेन्सर, सुटलेला असतो. त्या रात्री प्रोब जागेवर होता आणि छाती हलत नव्हती.

मान पुढे वाकली होती, ती सरळ केली. नाकातोंडात काही अडकलं नव्हतं. तळपायाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. हार्ट रेट 150 वरून 82 वर, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 71 टक्के. तिसऱ्या टिचकीला बाळानं पाय आखडला, तोंड वेंगाडलं आणि विसरलेलं काम आठवावं तसा श्वास घेतला. चार्टवर लिहिलं, 24 सेकंद. वीसच्या वर गेलं की ॲप्निया म्हणायचं. उजाडेपर्यंत अशा सात नोंदी झाल्या. मी स्टूल ओढून तिथेच बसले, एक बोट त्याच्या तळपायापाशी.

डॉक्टरांनी आधी शुगर तपासली, इन्फेक्शनसाठी रक्त पाठवलं. हे मला आवडतं. श्वास थांबला की दरवेळी कच्च्या मेंदूवर ढकलून मोकळं होता येत नाही. शुगर ठीक निघाली, बाकी काही संशयास्पद दिसेना, तेव्हा ऑर्डर आली: कॅफीन सायट्रेट. किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे 24. सिरिंजमध्ये जेमतेम 1.2 मिली. अर्ध्या तासात हळूहळू शिरेतून. दुसऱ्या दिवसापासून रोज 0.3 मिली.

सकाळी दाराशी आजी उभ्या होत्या; सून अजून वॉर्डात होती. डॉक्टर बोलता बोलता 'कॉफीतलंच औषध' म्हणून गेले आणि आजींचा चेहरा बदलला.

"अहो सिस्टर, चहा प्यायला की काळा होशील, असं आपण पोरांना सांगतो. आणि दोन दिवसांच्या लेकराला कॉफी?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, आजींनी विचारलेलं बरोबरच होतं. म्हटलं, "आजी, पोटात होतं तेव्हा सगळं नाळेतून मिळायचं. आता श्वास स्वतः घ्यायचाय आणि ते सांगणारा मेंदूचा भाग दिवस भरायच्या आधीच कामाला लागलाय. मध्येच पेंगतो. हे औषध त्याला पेंगू देत नाही."

मी नवीन असताना यासाठी आम्ही अमिनोफिलिन नावाचं जुनं औषध द्यायचो. दिवसातून दोन-तीनदा डोस, आणि जरा जास्त झालं की हार्ट रेट 180 च्या पुढे. कॅफीनचा मोठा अभ्यास 2006 साली छापून आला, त्यात बाळंही 2006 च होती. छत्तिसाव्या आठवड्यात ऑक्सिजन लागणारी बाळं औषधाविना शंभरात 47, कॅफीन मिळालेल्यांत 36. टिचक्या वाचतात एवढंच मला वाटत होतं, फुप्फुसंही वाचतात हे मागाहून कळलं.

दुसऱ्या रात्री चार्टवर दोनच नोंदी होत्या. मी चक्क स्वतःचा चहा गरम असताना प्यायले.

खरी धाकधूक औषध बंद करताना झाली. चौतीस आठवडे भरल्यावर शेवटचा डोस दिला. मोठ्या माणसाची कॉफी पाच-सहा तासांत अर्धी उतरते, एवढ्या लहान बाळाला त्याला चार दिवस लागू शकतात. त्यामुळे बंद केलं आणि लगेच घरी पाठवलं, असं करता येत नाही. आम्ही सात दिवस मॉनिटर लावून ठेवला. आई कांगारू करत छातीशी बाळ घेऊन बसायची आणि अर्धं लक्ष स्क्रीनवर.

पाचव्या रात्री चारला अलार्म. मी धावले. छाती वरखाली होत होती, छान. बाळानं लाथ मारून प्रोब उडवला होता.

सकाळी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चहा बंद केलाय, चिडणारच की."