दहा डावांत लावलेला निकाल

बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅम्समध्ये स्टॉकफिश भारी की लीला, हे घरच्या कॉम्प्युटरवर एका रात्रीत ठरवून टाकू असं मला वाटलं होतं. दहा डाव लावून झोपलो. सकाळी बघतो तर स्टॉकफिश 6, लीला 4. तीन विजय, एक हार, बाकी बरोबरी. साठ टक्के गुण म्हणजे एलोमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या गुणांकनात, साधारण 70 चा फरक! मित्राला लगेच कळवूनही टाकलं. मग नीट हिशेब मांडला तेव्हा उजेड पडला: एवढ्याशा डावांत निव्वळ योगायोगाला इतकी जागा असते की प्रत्यक्षात लीलाच वरचढ असू शकते. आणि ही चूक निम्म्यावर आणायची तर डाव चौपट लागतात.

लावले 400. शंभरेक झाल्यावर सहज एक डाव उघडला, तर तो आधी पाहिल्यासारखा वाटला. मागचे चाळले; पहिल्या 22 चाली जशाच्या तशा! ओपनिंग बुक, म्हणजे तयार सुरुवातींचा संग्रह, जोडायलाच विसरलो होतो, त्यामुळे दोघंही पुन्हापुन्हा त्याच वाटेने चालले होते. सगळं पाण्यात.

मग ठरावीक सुरुवाती दिल्या, प्रत्येक दोनदा, रंग बदलून. आता बरोबरीच बरोबरी. टीसीईसी या बुद्धिबळ प्रोग्रॅम्सच्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती का देतात, ते तेव्हा समजलं.

पण खरं घोडं अडलं मशीनपाशी. स्टॉकफिश प्रोसेसरवर पळतं, लीलाच्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे तिच्या शिकलेल्या ‘मेंदू’ला, चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि माझं कार्ड जेमतेम. घड्याळ दोघांना सारखंच, पण याला काय न्याय म्हणायचं? 2017 च्या डिसेंबरात अल्फाझीरो या गूगलच्या प्रोग्रॅमने 100 डावांत 28 जिंकून, 72 बरोबरीत सोडवून, एकही न हरता स्टॉकफिशला नमवल्याचं जाहीर झालं, तेव्हाही वाद हाच होता. अल्फाझीरो गूगलच्या खास टीपीयू चिपांवर; स्टॉकफिशला 64 थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारी कामं), पण हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) फक्त 1 जीबी. शिवाय चालीमागे ठरलेलं एक मिनिट, म्हणजे कठीण चालीसाठी वेळ राखून ठेवायची सोयच नाही.

शेवटी लीलाला छोटं नेटवर्क जोडलं. वेग वाढला आणि आकडे पुन्हा हलले. चौथी मॅच अजून चालूच आहे, पंखा घरघरतोय. मित्राने मात्र माझ्या त्या पहिल्या मेसेजवरून केव्हाच स्टॉकफिश उतरवून घेतलंय.