परत आलेल्या प्रेमकथा

मराठीत नव्या लेखकाच्या कथेला मोसम एकच, दिवाळीचा. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही रीत पडली. आता मासिकं एकामागून एक बंद पडत असताना कथेला हक्काची जागा उरली आहे ती बहुतेक तिथेच. त्यामुळे नकारही हंगामी असतो. उन्हाळ्यात आवाहनं निघतात, जून-जुलैपर्यंत कथा पाठवायची, मग वाट बघायची आणि अंक आले की अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधायचं. नाव नसलं तर ती कथा थेट पुढच्या वर्षावर जाते.

मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि प्रेमकथा लिहिते. साध्या माणसांच्या, बहुतेक चाळिशी ओलांडलेल्यांच्या. त्या परत येत राहिल्या त्या काळात मी कशी टिकले ते सांगावंसं वाटतं, कारण सुरुवातीला हे सांगणारं कुणीतरी मला फार हवं होतं.

सगळ्यात जास्त वाट्याला येतो तो न बोलता दिलेला नकार. आवाहनाच्या तळाशी ओळ असते, 'स्वीकृत साहित्याबाबतच कळवले जाईल.' पूर्वी कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडायची पद्धत होती आणि त्यातून हस्तलिखित 'साभार परत' येई. ते पाकीट बघून पोटात खड्डा पडत असेल, पण निदान कळायचं तरी. ईमेल आल्यापासून टपालखर्च वाचला आणि त्याबरोबर उत्तरही गेलं. पहिल्या वर्षी गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मी अनोळखी नंबरवरून आलेला प्रत्येक फोन धावत जाऊन घेतला. एकही संपादकाचा नव्हता.

त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे आणि तो मी सगळ्यांना सांगते. ऑगस्ट संपत आला की दोन ओळींचा ईमेल करायचा: 'माझ्या कथेचा यंदाच्या अंकासाठी विचार होत नसेल तर मी ती अन्यत्र पाठवू इच्छिते, कृपया कळवावे.' संपादक अंकाच्या गडबडीत असतात, अभिप्राय लिहायला त्यांना वेळ नसतो. पण हो किंवा नाही एवढंच विचारलं तर बरेच जण उत्तर देतात. एक कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवायची नाही हा संकेत मी पाळते, म्हणून तो 'नाही' मला हवाच असतो. त्याने कथा मोकळी होते.

प्रेमकथा परत आली की जरा जास्तच लागतं, असा माझा अनुभव आहे. भयकथा लिहिणाऱ्याला कुणी त्याच्या आयुष्याबद्दल विचारत नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला मात्र विचारतात. "कुणाची गं ही गोष्ट?" माझ्या थोरल्या जाऊबाईंनी टेबलावरची पानं चाळत विचारलं होतं. मी म्हटलं, "कुणाचीच नाही, सुचली." त्यांना ते पटलं नाही. घरातल्यांच्या अशा नजरा झेलून, जे कुणाशी बोलत नाही ते आपण कागदावर मांडतो, आणि त्यावर बाहेरचा माणूस म्हणतो की हे नको. तेव्हा फक्त लिखाण परत आलंय असं वाटतच नाही.

सगळ्यात कठीण गेला तो एका संपादकांचा फोन. अगदी आपुलकीने बोलले. "मॅडम, तुम्ही लिहिता चांगलं, पण आम्ही प्रेमकथा घेत नाही. काहीतरी सामाजिक द्या." त्या रात्री मला झोप लागली नाही. परत पाठवलेली कथा एका पिग्मी एजंटची, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणाऱ्याची, आणि शिलाईकाम करणाऱ्या बाईची होती. तो रोज संध्याकाळी तिच्या दुकानात 50 रुपये घ्यायला येतो, कार्डावर सही करतो आणि जातो. तिला आलेलं वैधव्य, दोघांच्या वेगळ्या जाती, तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा राग, त्याच्या तुटपुंज्या कमिशनमध्ये दोन घरं चालतील का हा हिशोब, हे सगळं त्यांच्या प्रेमाच्या आड येतं. यातलं सामाजिक नाही ते काय? आपल्याकडे माणूस कुणावर जीव लावतो आणि कुणाशी लग्न करू शकतो, यात समाज जितका दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. प्रेमकथा म्हणजे हलकंफुलकं काहीतरी, हा समज मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो.

त्या दिवसांत मला सावरलं ते आमच्या वाचनालयातल्या निवृत्त ग्रंथपालकाकांनी. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत मी दरवर्षी पैसे भरते, तिथली ओळख. त्यांनी मला 'सत्यकथा'बद्दल सांगितलं. 1982 मध्ये ते मासिक बंद झालं, माझ्या हाती कधी ताजा अंक पडला नाही. पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेवर सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला सांगत, पुढे मोठे झालेले लेखकही त्या फेऱ्यांमधून गेले, हे काका डोळ्यांत पाणी आणून सांगत. "परत आलं म्हणजे वाचलं तरी गेलं, असं आम्ही समजायचो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता तशी पत्रं लिहायला कुणाला सवड नाही. तू स्वतःच स्वतःला लिही."

मी ते शब्दशः केलं. कथा परत आली की आठवडाभर फाइल उघडायची नाही. मग ती मोठ्याने वाचायची आणि संपादक असल्यासारखं स्वतःला एक पानी पत्र लिहायचं: 'स. न. वि. वि., आपली कथा वाचली.' पुढे मात्र खरं लिहायचं. दोघं एकमेकांना आवडतात हे वाचकाला कुठल्या ओळीत कळतं? त्यांच्यात अडसर आहे तो गैरसमजाचा की खरोखरीचा? गैरसमजाचा असला तर एका फोनने मिटेल, आणि जी गोष्ट एका फोनने मिटते ती वाचक कशाला जिवाला लावून घेईल? अशा पत्रांची माझ्याकडे आता वहीच झाली आहे.

पिग्मीवाल्याच्या कथेवर पुढे दोन ठिकाणांहून अभिप्राय आले. एका संपादिकाबाईंना शेवट फार गोड वाटला. दुसऱ्यांना तोच शेवट अधांतरी वाटला, 'लग्न होते की नाही ते स्पष्ट करावे,' असं त्यांनी लिहिलं. दोन्ही ईमेल शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. शेवटाला हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण दोन जाणत्या वाचकांना तो इतका वेगळा वाटत असेल तर त्यात काहीतरी जिवंत आहे. पण दोघांनीही सुरुवातीच्या पानांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्यांच्या या गप्प बसण्यातून मला जास्त कळलं. पहिली दीड पानं तिच्या नवऱ्याच्या आजारपणाची होती. ती काढली आणि कथा थेट दुकानात, मशीनच्या आवाजात सुरू केली.

मधल्या काळात एका छोट्या अंकाकडून निरोप आला की कथा घेतो, पण अंकाच्या काही प्रती विकत घ्याव्या लागतील. मी नकार दिला. असे अंक पुष्कळ आहेत आणि खचलेला लेखक तिथे पटकन हो म्हणतो. म्हणूनच सांगते, मानधन नसलं तरी एक वेळ चालेल, पण आपली कथा छापायला आपण पैसे द्यायचे नाहीत.

मोसमाबाहेरच्या जागाही मी शोधल्या. पुरवण्यांना छोट्या कथा लागतात, फेब्रुवारीत प्रेमाच्या कथांना मागणी असते, आकाशवाणीवर कथावाचन होतं. वाचनासाठी कथा लहान करताना कुठलं वाक्य नुसतं भरतीचं आहे ते कानाला लगेच कळतं. 'माहेर', 'मेनका' यांसारख्या अंकांनी कौटुंबिक आणि प्रेमाच्या कथांचा मोठा वाचकवर्ग पिढ्यान्‌पिढ्या जपला. कुठलाही अंक असो, पाठवण्याआधी मी वाचनालयातून त्याचे जुने अंक आणून वाचते. गूढकथांच्या अंकाला माझी शिवणकाम करणारी बाई पाठवण्यात अर्थ नाही, हे तिथेच कळतं.

ती कथा अखेर एका दिवाळी अंकात आली, तोच शेवट ठेवून. थोरल्या जाऊबाईंनी ती दुपारी एका बैठकीत वाचली आणि एवढंच विचारलं, "मग मुलगा तयार झाला का गं?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "होईल. वेळ लागेल, पण होईल."

त्याच संपादकांनी माझी पुढची कथा मात्र घेतली नाही. एसटीतल्या कंडक्टर बाईची आहे. वाईट वाटलंच, त्याला औषध नाही. आठवडा होऊन गेला की रविवारी ती मोठ्याने वाचायला घेणार आहे.