आमची वाटचाल: बाटल्या भरायची घाई नको

इंग्लंडमध्ये डर्बीला आमचं घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट (साखर खाऊन दारू आणि वायू तयार करणारी बुरशी), झाकणाच्या बादल्या, बाटल्यांची बुचं. मी सांगलीचा, बायको इचलकरंजीची. दोघांच्याही घरी दारूचं नाव काढायची सोय नव्हती. इथं मात्र घरी बिअर करणं हा चारचौघांसारखा छंद. 1963 पर्यंत त्याला लायसन्स लागायचं. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकलं; विकायची नसेल तर खुशाल करा! त्यात बर्टन-ऑन-ट्रेंट जवळच. तिथल्या जिप्समच्या पाण्यानं पेल एल या फिकट बिअरचं नाव झालं, त्यामुळे या भागातला माणूस बिअरवर जरा जास्तच हक्कानं बोलतो.

सुरुवातीला आम्ही नुसती किट, म्हणजे माल्टचा पाक आणि यीस्ट असलेले तयार डबे, विकायचो. डब्यावर छापलेलं असायचं, अमुक दिवसांनी बाटल्या भरा. दुकानात तक्रारी यायच्या त्या नेमक्या या ओळीमुळे. कुणाची बाटली कपाटातच फुटली, कुणाच्या बाटल्या उघडताच फेसाचं कारंजं. डबा छापणाऱ्याला तुमच्या घरातलं तापमान कसं कळणार? जानेवारीत इथं यीस्ट गारठून बसतं. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं (आमचं इडलीचं पीठ तिथंच आंबतं), तिथं तेच काम झटपट उरकतं.

हिशोब बायकोकडे असतो. तिनंच फर्मान काढलं: हायड्रोमीटरशिवाय (बिअरमध्ये तरंगून साखर किती उरली हे सांगणारी काचेची नळी) किट द्यायचं नाही. किंमत चढली, थोडी गिऱ्हाइकं गेलीही. पण राहिली ती टिकली, आणि आमचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला.

काउंटरवर आम्ही हे करूनच दाखवतो. आंबत असलेल्या बिअरचा नमुना उंच नळीत घ्यायचा, हायड्रोमीटर सोडून बोटांनी गर्रकन फिरवायचा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात; नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि आकडा फसवा येतो. मग खाली वाकून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचायचं. साधं पाणी म्हणजे 1.000; साखर जास्त तेवढा आकडा मोठा. सुरुवातीला 1.045 असलेली साधी बिटर (इथली कडवट बिअर) 1.010 च्या आसपास थांबते. पण कुठं थांबेल हे माल्ट आणि यीस्टवर ठरतं, म्हणून आकड्यापेक्षा तो हलत नाही ना, हे बघायचं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तोच आकडा आला, तरच बाटल्या धुवायला काढा.

‘काका, बुडबुडे थांबले, भरू का?’ हा प्रश्न लेस्टरहून येणारी आपली मराठी पोरंही हमखास विचारतात. बादलीच्या झाकणावरच्या नळीतून वायू सुटतो, त्या बुडबुड्यांवर जाऊ नका. बादलीचं झाकण सैल असलं तर ते दिसतच नाहीत, आणि खोली तापली की आंबवणं संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर पडत राहतो. 1.010 ला जाणारी बिअर 1.014 वर असताना भरली, तर 23 लिटरमध्ये दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर अजून शिल्लक असते. बिटरला फेसासाठी आपण मुद्दाम घालतो शंभरेक ग्रॅम. म्हणजे बाटलीत तिप्पट मसाला, आणि काच काही तेवढं सोसत नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये पब बंद पडले आणि आमच्याकडे यीस्ट पुरेना. त्यातली बरीच हौस पुढे ओसरली. ज्यांच्यात मुरली, ते शनिवारी नमुन्याच्या बाटल्या घेऊन येतात. आकडा थांबला तरी आम्ही चव बघतो. थोडी बिअर कोमट करून हुंगली की लोण्याचा वास आला तर डायअसिटिल (आंबताना तयार होणारं, लोण्यासारख्या वासाचं द्रव्य) उरलंय. यीस्टवरच आणखी दोन दिवस उबेत ठेवायची, यीस्ट स्वतःच ते खाऊन टाकतं.

पुण्याहूनही विचारणा होते, किट पाठवाल का? नाही पाठवत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. हायड्रोमीटर मात्र भाच्यानं मागून नेला. तो म्हणे उसाच्या रसाची गोडी मोजतो.