पॅरामाउंट पुनर्प्रकाशन : १९२५ चा गठ्ठा कुठवर आलाय

१ जानेवारी २०२६ ला अमेरिकेत १९२५ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क संपले. म्हणजे ब्लूज गायक पापा चार्ली जॅक्सनची ‘शेक दॅट थिंग’ (पॅरामाउंट १२२८१) आता कुणाची परवानगी न मागता लोकांपुढे ठेवता येते. पॅरामाउंट या जुन्या लेबलच्या तबकड्या उतरवून मी वर्षावार पुन्हा प्रसिद्ध करतो, त्यात गेल्या नोंदीनंतरचा बहुतेक वेळ या एकाच तबकडीने खाल्ला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. पॅरामाउंट हे लेबल एका खुर्च्यांच्या कारखान्याचं. विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराकाठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तिथली विस्कॉन्सिन चेअर कंपनी फोनोग्राफची कपाटं बनवायची. कपाटं खपायची तर वाजवायला रेकॉर्डी हव्यात, म्हणून रेकॉर्डी. छपाई जवळच्याच ग्राफ्टनमध्ये, मिलवॉकी नदीकाठच्या जुन्या गिरणीत. १९२२ पासून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी १२००० क्रमांकांची मालिका सुरू झाली आणि मा रेनी, आयडा कॉक्स, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स असे एकेक त्यात येत गेले. संगीताचं प्रेम वगैरे मालकांना फारसं नव्हतं. मंदीत धंदा बसला, १९३२ नंतर मुद्रण थांबलं, तबकड्या छापायचे धातूचे साचे भंगारात गेले. कामगारांनी साचे नदीत भिरकावले अशीही दंतकथा आहे. २००६ साली एका टीव्ही कार्यक्रमासाठी पाणबुडे उतरवले, हाती काहीच लागलं नाही.

साचे नाहीत, कंपनीच्या मुद्रणाच्या वह्या नाहीत. आज ऐकू येतं ते सगळं कुणाच्या तरी माळ्यावर वाचलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं आहे. कधी काय मुद्रित झालं याचा हिशेब लोकांनी ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि तबकड्यांवर कोरलेले आकडे जुळवून मागाहून बांधला. मॅक्स व्रीडे या डच संग्राहकाने ही संपूर्ण मालिका क्रमवार लावून १९७१ साली छापली. या तबकड्यांच्या तारखांचा मी जो तक्ता ठेवतो, त्याचा कणा तोच आहे.

आता ‘शेक दॅट थिंग’कडे. जॅक्सन सहा तारांचा बँजो-गिटार वाजवत एकटाच गायचा. १९२४ च्या ऑगस्टमध्ये त्याने पॅरामाउंटसाठी पहिल्यांदा गायलं, तोवर ब्लूजच्या बाजारात बायकांचंच राज्य होतं. एकट्या पुरुषाने स्वतःच्या वाद्यावर गायलेलं विकतं, हे त्याच्यामुळे कंपनीला कळलं. पुढे लेमनला बोलावलं गेलं त्यामागे हे आहेच. तरी जॅक्सनचं नाव आज फार घेतलं जात नाही. विनोदी, ठसकेबाज गाणारा होता. ब्लूज म्हणजे रडगाणं अशी समजूत करून घेतलेल्यांना तो चालत नाही.

माझ्याकडे दोन प्रती आहेत. एकीचा सुरुवातीचा भाग बरा, दुसरीचा शेवट बरा. दोन्हींचा चांगला चांगला भाग जोडून एक करायचा मोह होतो आणि करावंही, पण आधी दोन्ही एकाच टेकच्या, म्हणजे एकाच वेळच्या गाण्याच्या, आहेत याची खात्री हवी. लेबलवर टेक छापलेला नसतो. तो शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात, मॅट्रिक्स क्रमांकामागे (मूळ मुद्रणाचा क्रमांक) एक-दोन असा बारीक कोरलेला असतो आणि बऱ्याचदा झिजलेला असतो. टेबलावरचा दिवा जवळजवळ आडवा करून तिरपा उजेड टाकला की दिसतो. माझ्या दोन्ही प्रतींचा टेक एकच निघाला. मग दोन्ही फाइली एकाखाली एक लावून बँजोचा प्रत्येक ठोका जुळतोय का ते पाहिलं. आकडा आणि कान दोन्ही एक बोलले, तेव्हाच कात्री लावली.

स्वच्छतेबद्दल पुन्हा सांगतो, कारण विचारणा सारखी होते: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीला स्पिरिट लावू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला चपड्याचं पॉलिश मारणारा कुठलाही कारागीर हे सांगेल. शुद्ध पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. आणि लेबल कोरडं ठेवा. (त्या काळी ही लाख बहुतांशी आपल्या छोटा नागपूरकडच्या जंगलांतून यायची. पॅरामाउंटने तिच्यात स्वस्तातली भुकटी जरा जास्तच कालवली.)

खरखर त्या भुकटीचीच. नवीकोरी पॅरामाउंटसुद्धा खरखरते, म्हणून ‘आवाज साफ कर’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सुईचा आकार बदलून जितकं मिळतं तितकं सॉफ्टवेअरने मिळत नाही. साधारण तीन हजारांश इंचाची सुई मधली. तिच्याहून थोडी बारीक खाचेत खोल उतरते, थोडी जाड वरच्या बाजूला टेकते. जुन्या ग्रामोफोनच्या जड साउंडबॉक्सच्या (सुई धरणाऱ्या डबीच्या) पोलादी सुयांनी जो भाग खरवडला नाही, तो शोधायचा. स्टीरिओ कार्ट्रिजने खाचेच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या घेतल्या तर बहुधा एक बरी निघते. या वेळी जाड सुई आणि उजवी भिंत. त्यानंतर फक्त टिकटिक हाताने काढली, खरखर तशीच ठेवली. १९२५ चं हे मुद्रण भोंग्यातून झालेलं, मायक्रोफोन नाही. त्यामुळे तीन हजार हर्ट्‌झच्या वर फार काही नाही हे खरं, पण जॅक्सनच्या तोंडचे ‘स’, ‘श’ जे काही उरलेत ते तिथेच आहेत. फिल्टर लावला की तो बोबडा होतो.

वेग मात्र अजून अडलेला आहे. त्या काळी सगळं नेमकं ७८ ला मुद्रित व्हायचं नाही. मा रेनी किंवा आयडा कॉक्सच्या मागे लव्ही ऑस्टिनचा वाद्यवृंद असेल तर कॉर्नेट आणि क्लॅरिनेट मदतीला येतात. ही मंडळी बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा सोयीच्या पट्ट्यांत वाजवणार. सूर जर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर वेग चुकलाय हे उघड. ७८ चं ८० केलं की सूर जवळपास अर्ध्या सेमीटोनाने चढतो, तेवढ्याने हिशेब लागतो. जॅक्सन एकटा, त्याचं वाद्य तो हवं तिथे लावणार. इथे पुरावा नाही. मी ७८ च धरलाय आणि माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे कुणाला दुसरं काही वाटलं तर मूळ फाइलवरून बदलता येईल.

१९२४ चा गठ्ठा पूर्ण झालाय. त्याच साली मुद्रित झालेली मा रेनीची ‘सी सी रायडर’, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकली असेलच, म्हणून तिच्यावर लिहीत नाही.

कायद्याबद्दल एवढंच: अमेरिकेत १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित मुद्रणांना शंभर वर्षं, आणि मोजणी प्रकाशनापासून. डिसेंबर १९२३ ला मुद्रित होऊन १९२४ ला बाजारात आलेली तबकडी १९२४ मध्ये धरायची. तक्त्यात या दोन तारखांना वेगळे रकाने त्यासाठीच आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाला साठच वर्षं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मित्रांना ही वाट बघायची गरज नाही. मी इथे विस्कॉन्सिनमध्ये बसून प्रसिद्ध करतो, मला आहे.

पुढच्या जानेवारीत १९२६ उघडेल आणि लेमन जेफरसन येईल. त्यात १२३५४ ही तबकडी मला आत्तापासून हवी आहे: ‘गॉट द ब्लूज’ आणि ‘लाँग लोनसम ब्लूज’. ती इतकी खपली, आणि मूळ मुद्रण इतकं सुमार होतं, की मे १९२६ मध्ये शिकागोच्या मार्श लॅबोरेटरीजमध्ये दोन्ही गाणी त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतली आणि पुढच्या प्रती त्यावरून काढल्या. लेबल तेच, क्रमांक तोच, आत गाणं निराळं. बाहेर फिरणाऱ्या कितीतरी फाइलींवर यातलं कुठलं आहे याचा उल्लेखच नसतो.

तेव्हा कुणाकडे १२३५४ असेल, फुटकी का असेना, तर दोन्ही बाजूंच्या शेवटच्या पट्ट्याचे तिरप्या उजेडातले फोटो पाठवा. वाजवायची गरज नाही. तबकडी पोस्टाने तर अजिबात पाठवू नका.