ब्रिटनमध्ये दारू सोडायची असेल तर: जीपीपासून पहिल्या मीटिंगपर्यंत

मुलगा लेस्टरला किंवा स्लावला नोकरीला आहे. रविवारच्या फोनवर त्याची जीभ जड वाटते आणि सून विषय बदलते. अशा वेळी इकडे घरात पहिलं वाक्य निघतं, "त्याला परत घेऊन या." बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मदत त्याच्याच गावात फुकट मिळते, आणि मीटिंगमध्ये तर आडनावही विचारत नाहीत.

पण आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात, नसलेली माणसं दिसतात, आणि यात जीवही जाऊ शकतो. म्हणून "चार दिवस खोलीत कोंडून घे, उतरेल" असा सल्ला फोनवरून देऊ नका. त्याने जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे जावं. तिथे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर सरकारी आरोग्य-सल्ल्याचा फोन नंबर १११, फीट आली किंवा बडबड सुरू झाली तर थेट तातडीच्या मदतीचा ९९९.

जीपीकडे किंवा दारूमुक्तीच्या स्थानिक केंद्रात नर्स विचारते, "रोज किती?" आपला माणूस सांगतो, "दोन पेग." घोळ इथेच होतो. तिथे दारू युनिटमध्ये मोजतात, १ युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. तिथल्या पबमध्ये व्हिस्कीचं माप बहुधा २५ मिलीचं, म्हणजे १ युनिट. आपला पतियाळा सोडा, साधा मोठा पेगसुद्धा ६० मिलीचा. असे दोन म्हणजे जवळजवळ ५ युनिट, आणि कागदावर लागतात २. दारू सोडवतानाच्या गोळ्यांचा डोस याच आकड्यांवर ठरतो, म्हणून लाजेपोटी कमी सांगणं अंगाशी येतं. पेग मोजूच नयेत, बाटली सांगावी: ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली २८ युनिटची. ती किती दिवस पुरते, एवढं सांगितलं की पुरे. दोन दिवसांत संपत असेल तर रोजचे १४ युनिट झाले, आणि तिथला सरकारी सल्ला आठवड्याला १४ च्या वर जाऊ नये असा आहे.

पुण्याच्या मुक्तांगणमध्ये किंवा इतरत्र आधी उपचार झाले असतील, तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. औषधांची नावं जीपीला कळली पाहिजेत.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. तिच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की जवळच्या मीटिंगांची यादी येते. फोन करायचा तर ०८०० ९१७७ ६५०, तोही मोफत. यादीत 'ओपन' लिहिलेलं असेल तिथे घरचं माणूसही सोबत बसू शकतं. 'क्लोज्ड' फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये होतात, पण तो फक्त भाड्याने घेतलेला हॉल असतो, चर्चशी संबंध नाही. तास-दीड तास चालतं. एकजण आपली हकिगत सांगतो, मग बाकीचे थोडं थोडं बोलतात, मध्ये कुणी कुणाला तोडत नाही. आपली पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. शेवटी पैशांसाठी भांडं फिरतं, नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही.

माणूस गळतो तो पहिल्या एक-दोन मीटिंगांतच. खोलीत आपल्यासारखा चेहरा दिसत नाही, इंग्रजीचे उच्चार कळत नाहीत, वर 'देव' हा शब्द सारखा कानावर येतो. हे जाणवणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून एकाच ठिकाणावरून मत बनवू नये, पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगा पाहाव्यात. देवाचा उल्लेख अजिबात नको असेल तर स्मार्ट रिकव्हरीच्या बैठका असतात. त्यांचा भर विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर असतो. महाराष्ट्र मंडळातलं कुणी भेटेल या धास्तीने जाणं टाळत असेल, तर शेजारच्या गावातली मीटिंग निवडावी.

दुसरी चूक म्हणजे संपताक्षणी निघून जाणं. खरं काम चहाच्या कपाभोवती होतं. तिथे फोन नंबर मिळतात, आणि 'स्पॉन्सर' म्हणजे आधी सावरलेला, वाट दाखवणारा माणूसही तिथेच सापडतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी असा रिवाज आहे.

इकडून घरच्यांनी एक गोष्ट कदापि करू नये: "जेवणात कालवून दे" म्हणून सुनेकडे पुड्या पाठवणं. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. माणसाला नकळत ते दिलं आणि वर तो प्याला, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. सुनेला आधार हवा असेल तर अल-अनॉन हा घरच्यांसाठीचा वेगळा गट तिथेही आहे, भारतातही आहे.

फोनची वेळही बदलून पाहा. कामावरून सुटून मीटिंगला पोचेपर्यंतचा वेळ सर्वांत नाजूक असतो. उपाशी, थकलेला, एकटा माणूस तेव्हाच दुकानाकडे वळतो. तिथले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे दहा, हिवाळ्यात अकरा. त्या वेळी फोन करा आणि दारूचा विषय न काढता विचारा, "जेवलास का?"