गिअरबॉक्स उतरवण्याआधी पंप ऐका

स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी जुनी स्पोर्ट्स कार उभ्या उभ्या न्यूट्रलला जाते, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागतो आणि मग काही केल्या पहिला पडत नाही. अशा वेळी ‘गिअरबॉक्स गेला’ असं फार पटकन ठरवलं जातं. पण या गाड्यांमधला गिअरबॉक्स, म्हणजे शाफ्ट, दात्यांची चक्रं आणि सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या), हे सगळं क्लच पेडलच्या गाडीसारखंच असतं आणि सहसा दणकट असतं. वय दिसतं ते त्याच्या वरच्या यंत्रणेत. ड्रायव्हरचा हात आणि पाय यांचं काम करणारा हायड्रॉलिक पंप, अक्युम्युलेटर (दाबाखालचं ऑइल साठवणारा गोळा), सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघड-बंद होणारे), सेन्सर आणि या सगळ्यांना वीज देणारी वायरिंग. म्हणून शोध बॅटरीपासून सुरू करायचा आणि गिअरबॉक्सपाशी संपवायचा, उलट नाही.

हे लिखाण एका क्लचच्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांबद्दल आहे. १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ मध्ये आलेला एफ१ गिअरबॉक्स, नंतरची ३६०, आल्फा रोमिओ १५६ सेलेस्पीड, मासेरातीचा कॅम्बिओकोर्सा, बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चा एसएमजी, हे सगळे याच जातीचे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (नेहमीच्या ऑटोमॅटिक) किंवा दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सला इथल्या चाचण्या लागू होत नाहीत.

आधी वीज

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास हवा. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी भरलेली. स्टार्टर फिरताना आकडा १० च्या खाली गेला तर पुढचं काहीही तपासण्याआधी बॅटरी बदला. पंपाची मोटर सुरू होताना मोठा करंट खेचते आणि नेमक्या त्याच क्षणी कंट्रोल युनिटला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, स्थिर व्होल्टेज लागतो. तो खचला की सेन्सरचे आकडे इकडेतिकडे होतात आणि एकाच वेळी आठ-दहा फॉल्ट कोड (कंट्रोल युनिटने केलेल्या बिघाडाच्या नोंदी) साठतात. त्यांतला प्रत्येक कोड खरा मानून सुटे भाग मागवणं हा शुद्ध पैशांचा नाश आहे. कोड वाचा, लिहून घ्या, पुसा, चांगल्या बॅटरीवर गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. जे परत आले तेवढेच कामाचे. फक्त इंजिनचे कोड दाखवणारा साधा स्कॅनर इथे पुरत नाही, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा हवा.

अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) तपासायचं तर पंप चालू असताना. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या अर्थ वायरला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे. इंजिन-गिअरबॉक्स आणि चासी यांना जोडणारी विणलेली पट्टी सगळ्यात आधी बघा. वरून ती धडधाकट दिसते, पण टोकाच्या लगमध्ये (बोल्टखालच्या कडीत) हिरवी पडलेली असते.

रिले

पंपाची वीज जोडणारा-तोडणारा हा स्विच म्हणजे या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात महागडं नुकसान करणारा. पंप दर थोड्या वेळाने सुरू-बंद होतो, तेवढ्या वेळा रिलेच्या आत ठिणगी पडते. कव्हर काढून बघितलं तर कॉन्टॅक्ट गुळगुळीत बटणासारखे हवेत. जुन्या रिलेत एका बाजूला खड्डा पडलेला असतो, दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलेलं असतं आणि भोवती काळी काजळी. यातून दोन प्रकारचे बिघाड होतात. कॉन्टॅक्ट जुळलेच नाहीत तर पंप मुका. कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर पंप थांबतच नाही आणि मोटर जळते.

पंप मुका असेल तर रिलेच्या सॉकेटमध्ये ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा व्होल्टेज आहे का ते बघा. मग दाब कमी असताना इग्निशन ऑन केल्यावर ८५ आणि ८६ मध्ये १२ व्होल्ट येतो का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर रिले काढून फ्यूज लावलेल्या वायरने ३० आणि ८७ फक्त दोन-तीन सेकंद जोडा. पंप घरघरला तर रिले गेला. नाही घरघरला तर मोटर, तिची वायर किंवा अर्थ. जास्त वेळ जोडून ठेवू नका, कारण आता पंपाला थांबवणारं कुणी नाही. मोटरला हलकेच टकटक केल्यावर ती जागी झाली तर तिचे कार्बन ब्रश झिजलेत असं समजा. आज चालली तरी ती पुन्हा अडणार.

पंप थांबतच नसेल तर ८५-८६ मोजा. तिथे व्होल्टेज नसताना पंप चालतोय म्हणजे रिले चिकटला, लगेच ओढून काढा. तिथे व्होल्टेज असेल तर कंट्रोल युनिटला दाब कमी दिसतोय, मग स्कॅनरवर दाबाचा आकडा बघा. रिले बिघडायची वाट बघू नये, ऑइल फिल्टरसारखा ठरावीक काळाने बदलत राहावा, असं माझं ठाम मत आहे.

पंपाचा आवाज काय सांगतो

यातलं निम्मं निदान कानानेच होतं. बऱ्याच गाड्यांमध्ये ड्रायव्हरचा दरवाजा उघडताच पंप काही सेकंद घरघरतो आणि थांबतो. दरवाजा उघडल्यावर तो गप्प राहिला पण इग्निशनला चालला, तर दोष बहुधा दरवाजाच्या मायक्रोस्विचचा असतो.

आता खरी चाचणी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, इंजिन बंद, इग्निशन ऑन. पंप थांबेपर्यंत थांबा. ब्रेक दाबून न्यूट्रल, पहिला, न्यूट्रल, रिव्हर्स असे गिअर टाका आणि कितव्या शिफ्टला पंप पुन्हा सुरू होतो, किती सेकंद चालतो, हे लिहून घ्या. जोडीला एक जण घड्याळ घेऊन बसला तर उत्तम.

तीन-चार शिफ्टनंतर पंप येत असेल तर अक्युम्युलेटर तग धरून आहे. प्रत्येक शिफ्टला पंप येतो पण सेकंद-दोन सेकंदांत थांबतो, हे अक्युम्युलेटर संपल्याचं लक्षण. त्या गोळ्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला ऑइल. नायट्रोजन स्प्रिंगसारखा दाबला जातो आणि ऑइलचा साठा दाबाखाली धरून ठेवतो. वर्षानुवर्षं तो पडद्यातून झिरपत जातो. मग साठाच उरत नाही. थोडं ऑइल वापरलं की दाब कोसळतो, आणि भरायला जागाच नसल्यामुळे लगेच चढतोही. याउलट पंप येतो आणि रेंगाळत चालतो, तेव्हा पंप झिजलाय किंवा कुठेतरी गळतीय. तिसरी गोष्ट, काहीही न करता नुसतं बसून राहा. थोडी आतली गळती व्हॉल्व्हमध्ये असतेच. पण अर्ध्या मिनिटाच्या आत पंप आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर व्हॉल्व्ह किंवा ॲक्च्युएटरचं (ऑइलच्या दाबाने गिअर आणि क्लच हलवणाऱ्या भागाचं) सील दाब आतल्या आत परत टाकीत सोडतंय. बाहेर थेंबही दिसणार नाही, म्हणून हा दोष सगळ्यात जास्त वेळा निसटतो आणि बिचाऱ्या पंपावर खापर फुटतं.

अक्युम्युलेटर बदलताना घाई जिवावर बेतू शकते. या लाइनमध्ये कित्येक बार दाब असतो. फेरारी, आल्फा आणि मासेरातीतल्या मॅग्नेटी मारेली कंपनीच्या यंत्रणांमध्ये तो साधारण ४० ते ५० बार असतो, आणि इंजिन बंद केलं म्हणून तो जात नाही. सैल केलेल्या जोडातून सुटलेली ऑइलची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. पंपाचा रिले काढा, गिअर पडेनासे होईपर्यंत शिफ्ट करत राहा, स्कॅनरवर दाब शून्याजवळ आल्याची खात्री करा आणि मगच पाना लावा.

ऑइल

पातळी कधी बघायची हे मॅन्युअलमध्ये वाचूनच बघा. अक्युम्युलेटर भरलेला असताना त्यात ऑइल साठलेलं असतं, त्यामुळे टाकीतली पातळी खाली दिसते. तेव्हा कमाल खुणेपर्यंत भरलं तर दाब उतरल्यावर टाकी उतू जाते. ऑइल सांगितलेलंच घाला, एसएमजीला पेंटोसिन सीएचएफ ११एस, सेलेस्पीडला टुटेला सीएस स्पीड. ब्रेक ऑइल चुकूनही नको. या यंत्रणेतली रबरी सीलं त्याने फुगतात आणि मग एकेक करत सगळी यंत्रणा उघडावी लागते.

क्लच आणि सेन्सर

दाब ठीक, रिले ठीक, तरी गाडी निघताना थरथरते किंवा रेव्ह चढतात पण वेग चढत नाही, तेव्हा क्लचकडे वळा. स्कॅनर क्लच किती टक्के झिजलाय ते दाखवतो. तो आकडा क्लच प्लेटची जाडी मोजून आलेला नसतो. नवीन क्लच बसवला तेव्हाची नोंद आणि आजची क्लचची जागा यांच्या फरकातून तो काढलेला असतो. मागच्या मेकॅनिकने ती नोंद केलीच नसेल तर आकडा निरर्थक. जुनी गाडी घेताना या एका आकड्यावर सौदा करू नका.

गिअर पडायला वेळ लागतो, मध्येच न्यूट्रल येतो आणि गाडी थंड असताना सगळं छान चालतं, अशी तक्रार असेल तर पोझिशन सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर बघा. स्कॅनरवर क्लचच्या जागेचा आकडा उघडा ठेवून वायरचा जुडगा हलवा. इंजिन गरम असताना आकडा उड्या मारत असेल तर सापडलं.

सेन्सर, ॲक्च्युएटर किंवा क्लच, काहीही बदललं तरी ऑइलच्या लाइनमधली हवा काढणं आणि सेल्फ लर्निंग ही दोन कामं उरतात. क्लच जिथे पकडायला लागतो ती जागा कंट्रोल युनिटला नव्याने शिकवावी लागते, आणि ते इंजिन पूर्ण तापल्यावरच करावं. थंडीत शिकवलेला बिंदू गरम झाल्यावर सरकतो आणि नव्या क्लचची गाडीही जुन्यासारखी हिसके देते. शेवटी इंजिन बंद करून शिफ्ट मोजण्याची चाचणी परत करा आणि शिफ्टची संख्या, पंपाचे सेकंद आणि तारीख गाडीच्या वहीत लिहा. सहा महिन्यांनी तेच मोजलं की अक्युम्युलेटर कुठवर आलाय ते दिवा लागण्याआधीच कळतं.