एकाच अंगठ्याचे सगळे फॉर्म

प्लॅगरिझम रिपोर्ट, म्हणजे थिसिसमधला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो त्याचा आकडा, सहा टक्के होता. म्हणजे आमच्या भाषेत थिसिस क्लीन. दहाच्या आत आकडा आला की गाईड खुश, विद्यार्थी पेढे आणतो आणि आतलं पान कोणी उघडत नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लोकांना वाटतं मी पुस्तकं देते-घेते. पण 2018 मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आले तेव्हापासून माझा अर्धा वेळ फायली सॉफ्टवेअरवर चढवण्यात जातो. 10 टक्क्यांपर्यंत माफ, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, 40 ते 60 ला वर्षभर बंदी, 60 च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. त्यामुळे झालंय काय, की प्रामाणिकपणा म्हणजे टक्केवारी हे सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलंय. त्यात मराठी थिसिसची वेगळीच गंमत. डीटीपीवाला श्रीलिपी नाहीतर कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो, पानावर झकास मराठी दिसतं, पण मशीनला ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते, मग ते जुळणार कशाशी? अख्खं पुस्तक उतरवलं तरी शून्य टक्के! युनिकोड सक्तीचं करा म्हणून लेखी देऊन देऊन थकले. उत्तर ठरलेलं, "मॅडम, रिपोर्ट आला ना? मग झालं."

या वैतागातूनच आम्ही तीन जिल्ह्यांतल्या तीन कॉलेजांनी मिळून एक उपक्रम सुरू केला. धुळ्याच्या फायली आमच्याकडे, आमच्या जळगावकडे, त्यांच्या धुळ्याला. संशोधक आणि गाईड दोघांची नावं झाकून. कारण आपल्याच डिपार्टमेंटमधल्या सरांना कोण बोलणार, रोज त्यांच्यासोबतच चहा प्यायचाय. बघायचं ते टक्केवारी सोडून बाकी सगळं, म्हणजे प्रश्नावली, मुलाखती कुठे आणि कधी घेतल्या, संमतीपत्रं. पैसा कोणाचाच नाही, ज्याच्याकडे मीटिंग त्याचा नाश्ता.

पहिली मीटिंग धुळ्यात झाली आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं नाव निघालंच. धुळ्यात संशोधनावर काहीही असलं की निघतंच. अस्सल कागद बघितल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून हा माणूस दप्तरं शोधत गावोगाव हिंडला, 1926 मध्ये इथेच गेला, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथे आहे. छान भाषण झालं. मग पहिला प्रश्न काय आला? "सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलं तर मोजत नाहीत, ती सूट मराठीला पण लागू आहे का?"

तर ती सहा टक्केवाली फाईल. समाजशास्त्राची होती, धडगावकडच्या बायका ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात त्यांच्यावर. खरं सांगते, थिसिस चांगला होता. उचल किती, मुकादम ती कशी कापून घेतो, झोपडीत बाळंतपण झालं तर सोबत कोण असतं, असलं टेबलवर बसून सुचत नाही. मागे संमतीपत्रांचा गठ्ठा जोडलेला, प्रत्येकावर जांभळ्या शाईचा अंगठा.

मी पानं नीट करून स्टेपल करायला आप्पांकडे दिली. आप्पा आमचे लायब्ररी अटेंडंट, त्याआधी गावच्या विकास सोसायटीत होते, कर्जाच्या कागदांवर अंगठे घेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. ते स्टेपलर हातात धरून तसेच थांबले. "मॅडम, हाऊ एकच अंगठा शे."

मला आधी पटेना. मग खिडकीशी नेऊन बघितलं. प्रत्येक ठशात वरच्या डाव्या बाजूला एक तिरपी पांढरी रेघ, जुन्या कापल्याची. काही ठसे मुद्दाम आडवे केलेले, काही अर्धेच दाबलेले, पण रेघ तीच. त्याहून भारी आप्पांनी दाखवलं ते. एक ठसा गडद, पुढचा जरा फिका, त्यापुढचा आणखी फिका, मग परत गडद. म्हणजे एकाच बैठकीत, शाई संपली की पॅडवर टेकवत टेकवत. आणि फॉर्मवर तीन पाड्यांची नावं, तारखा महिनाभर पसरलेल्या. हे कुठलं सॉफ्टवेअर पकडणार?

पुढच्या मीटिंगला नाव उघडलं. मुलगी त्याच भागातली, पावरी बोलणारी, घरातली पहिलीच शिकलेली. मला वाटलं रडेल नाहीतर नाकारेल. तिने सरळ सांगितलं, "अंगठा माझाच आहे. बाया माझ्याशी तास-तास बोलल्या. अंगठा म्हटलं की उठून घरात जायच्या. त्यांना अंगठा एकच माहितीये, मुकादमाच्या वहीतला. तो दिला की सीझनभर सुटका नाही." मग मोबाईल काढला. रेकॉर्डिंग होती, सगळ्यांची नाही पण बऱ्याच जणींची. आमच्यातल्या पावरी येणाऱ्या एका सरांनी ऐकून सांगितलं, एक बाई स्पष्ट म्हणते, सांगते सगळं, पण कागदाला हात लावणार नाही.

मग हे आधीच का नाही लिहिलं? कारण गाईडनी सांगितलेलं, सह्या-अंगठ्याचे फॉर्म जोडा, नाहीतर प्रकरण पुढे जाणार नाही. हेच गाईड आमच्या उपक्रमाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत होते, राजवाड्यांवर मान डोलवत.

यावर जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. एक जण म्हणाले रजिस्ट्रेशन रद्द करा, दुसरे म्हणाले सोडा हो, सगळेच करतात. नियम काढून बघितला तर खोट्या अंगठ्याला स्लॅबच नाही, सगळी शिक्षा जुळणाऱ्या मजकुराच्या टक्क्यांवर. आणि वाईट याचं वाटतं की सरळ रस्ता होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तोंडी संमतीची सोय आहे. माणूस सही-अंगठा देत नसेल तर तटस्थ साक्षीदार ठेवा, त्याची सही घ्या, रेकॉर्डिंग करा. ती आरोग्य संशोधनासाठी आहे, पण समाजशास्त्राला घ्यायला कोणी अडवलंय? पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च एथिक्सचा 2 क्रेडिटचा पेपर सक्तीचा आहे, 30 तासांचा. त्यात तिला हे कोणी शिकवलं नाही. सायटेशन, म्हणजे संदर्भ, कसं द्यायचं ते शिकवलं.

शेवटी ठरलं, फॉर्म मागे घ्यायचे, खोटे होते असं तिने लेखी द्यायचं, आणि साक्षीदारासमोर तोंडी संमती नव्याने घ्यायची. पण बाया तर गुजरातला! मग होळीची वाट बघणं आलं, होळीला कुठूनही माणूस सातपुड्यात परत येतो. आले, ती गेली, अंगणवाडी सेविकेला साक्षीला बसवलं, प्रत्येकीला तिचं लिहिलेलं पावरीत वाचून दाखवलं. बहुतेकींनी हो म्हटलं. दोघी म्हणाल्या, मुकादमाचं ते काढून टाक. म्हणजे आधीची संमती खरी होती असं मी मीटिंगमध्ये तावातावाने बोलत होते, ती सगळ्यांची खरी नव्हती. आणि काढलेला भाग म्हणजे थिसिसमधला सगळ्यात चांगला भाग. तिने काढला. गाईड म्हणे, नाव तर नाहीच आहे, राहू द्यायचं होतं.

आता नवीन भानगड. वरून पत्र आलंय की तोंडी संमती ग्राह्य धरू, पण पुरावा म्हणून रेकॉर्डिंगची सीडी थिसिसला जोडावी. त्या रेकॉर्डिंगमध्ये बायांची नावं आहेत, पाड्यांची आहेत, मुकादमाचं तर आहेच, आणि सीझनला पुन्हा त्याच्याकडूनच उचल घ्यायचीये. साक्षीदाराच्या सह्यांची यादी बंद पाकिटात देते, रेकॉर्डिंग देणार नाही, असं उत्तर मी टाईप करून ठेवलंय. प्राचार्य सही करायला तयार नाहीत, म्हणतात सीडी मागितलीये तर देऊन टाका, आजकाल सीडी ऐकतो कोण.